समुद्री शेवाळातून सिल्व्हर नॅनोपार्टिकल्स करताय? आधी चांदीचा हिशोब लावा

प्रश्न थोडक्यात असा आलाय: सरगॅसम हे तपकिरी समुद्री शेवाळ वाळवून, पावडर करून, पाण्यात उकळून अर्क काढला, तो १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये मिसळला, तासाभरात रंग तपकिरी झाला, यूव्ही-व्हिजिबलला (कुठला प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रावर) ४३० नॅनोमीटरच्या आसपास पीक आला, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण झाल्याची खूण, ई. कोलाय आणि स्टॅफ या जिवाणूंच्या प्लेटवर झोनही (वाढ थांबलेली वर्तुळं) मिळाले. पण फ्लास्कच्या तळाशी पांढुरकं काहीतरी बसतं, एका बॅचसारखी दुसरी येत नाही, आणि गाइड म्हणतायत पेपरमध्ये बायोमेडिकल पोटेन्शियल, म्हणजे औषधोपचारात उपयोग होण्याची शक्यता, लिहा. तर तसं लिहिता येईल का आणि पुढे नक्की काय करायचं?

सरळ उत्तर आधी देतो. लिहिता येईल, पण आत्ता हातात जेवढा डेटा आहे त्यावर नाही. आणि तुम्ही ज्या पांढुरक्या गाळाबद्दल जाता जाता लिहिलंय ना, खरं पाणी तिथेच मुरतंय. बॅच का जुळत नाहीत, झोन नेमके कशामुळे आले, या दोन्हीचं उत्तर बऱ्याच अंशी त्या गाळात आहे. मी बरीच वर्षं याच कामात आहे, आणि नवीन येणाऱ्या मुलामुलींना मी सुरुवातीलाच सांगतो की फ्लास्कमध्ये टाकलेली चांदी शेवटी कुठे आणि कुठल्या रूपात गेली याचा हिशोब लागल्याशिवाय जिवाणू, जखम, कॅन्सर यातलं काहीही बोलायचं नाही.

आधी शेवाळ यात करतं काय ते बघू. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात चांदी आयनच्या रूपात असते, तिला एक इलेक्ट्रॉन मिळाला की ती धातू होते, आणि असे अणू एकत्र येत कण वाढायला लागतो. म्हणजे इलेक्ट्रॉन देणारं कोणीतरी हवं, आणि वाढणारे कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर आवरण घालणारंही कोणीतरी हवं. शेवाळाच्या अर्कात दोन्ही मिळतं. तपकिरी शेवाळाची खासियत म्हणजे फ्लोरोटॅनिन नावाचे पॉलिफेनॉल, ते चांगले रिड्यूसिंग एजंट (इलेक्ट्रॉन देणारे) आहेत, शिवाय अल्जिनेट, फ्यूकॉयडन, लॅमिनॅरिन ही पॉलिसॅकराइड्स. लाल शेवाळात अगार आणि कॅराजीनन, हिरव्यात म्हणजे अल्व्हासारख्यांत अल्व्हन. यातल्या फ्यूकॉयडन, कॅराजीनन आणि अल्व्हनवर सल्फेट गट असतात, आणि त्यांचा निगेटिव्ह चार्ज कणाभोवती बसला की कण एकमेकांना लांब ठेवतात. जमिनीवरच्या झाडांच्या पानांच्या अर्कात अशी सल्फेटवाली पॉलिसॅकराइड्स सहसा मिळत नाहीत, त्यामुळे शेवाळच का घेतलं असं रिव्ह्यूअरने विचारलं तर माझ्या मते खरं उत्तर हे आहे. स्वस्त, सोपं, ग्रीन वगैरे कारणं कुठल्याही पानाला लागू होतात, त्यावर इंट्रोडक्शनची दोन पानं खर्च करू नका.

आता घोडं कुठे अडतं ते. शेवाळ समुद्रातून येतं, समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण १९ ग्रॅम क्लोराइड असतं, आणि शेवाळाच्या अंगावर तर मीठ असतंच पण पेशींच्या आतही असतं. चांदी आणि क्लोराइड समोरासमोर आले की सिल्व्हर क्लोराइड तयार होतं, पांढरं, पाण्यात न विरघळणारं. आकडे टाकून बघा म्हणजे केवढा प्रश्न आहे ते कळेल. समजा वाळलेल्या पावडरीत वजनाच्या ५ टक्के क्लोराइड उरलंय. ५ ग्रॅम पावडर १०० मिलीमध्ये उकळली आणि ते सगळं पाण्यात उतरलं, तर अर्कात पाव ग्रॅम क्लोराइड, म्हणजे साधारण ७० मिलिमोलर. त्यातला १० मिली अर्क ९० मिली सिल्व्हर नायट्रेटमध्ये घातला की मिश्रणात क्लोराइड ७ मिलिमोलर आणि चांदी फक्त ०.९ मिलिमोलर. जवळपास आठपट क्लोराइड. अशा वेळी फ्लोरोटॅनिनला इलेक्ट्रॉन द्यायची संधी मिळायच्या आधीच बहुतेक चांदी क्लोराइडने पकडलेली असते. मग हळूहळू उजेडामुळे आणि अर्कामुळे त्यातली काही चांदी धातू होते, रंग तपकिरी येतो, पीकही येतो, आणि आपल्याला वाटतं झालं काम. प्रत्यक्षात फ्लास्कमध्ये धातूचे कण, सिल्व्हर क्लोराइडचे कण आणि अर्धवट दोन्ही असलेले कण अशी सरमिसळ असते, आणि तिचं प्रमाण त्या दिवशी शेवाळ किती धुतलं होतं आणि फ्लास्क खिडकीपाशी होता का कपाटात यावर ठरतं. दोन बॅच जुळणार कशा?

याचा सोक्षमोक्ष एक्सआरडीने, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या तपासणीने, लागतो. कॉपर के-अल्फा किरण वापरले तर धातूरूप चांदीचे पीक २ थीटाला साधारण ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंशांवर येतात. सिल्व्हर क्लोराइडचे येतात २७.८, ३२.२, ४६.२, ५४.८ आणि ५७.५ च्या जवळपास. आता वनस्पती आणि शेवाळाच्या अर्कावरचे जुने पेपर काढून त्यातले एक्सआरडी बघा, २७.८, ३२.२ आणि ४६.२ चे पीक स्पष्ट दिसत असतात आणि खाली लिहिलेलं असतं की हे अर्कातल्या सेंद्रिय घटकांचे स्फटिक आहेत. मला हे वाचून खरंच वाईट वाटतं, कारण त्यानंतरची सगळी जैविक मेहनत वेगळ्याच पदार्थावर झालेली असते. तुमचा पांढुरका गाळ वेगळा काढा, धुवा, वाळवा आणि त्याचा एक्सआरडी आधी करा, बाकी सगळं नंतर. घाई असेल तर चिमूटभर गाळावर पातळ अमोनिया घालून बघा, सिल्व्हर क्लोराइड विरघळतं. पण ही टेस्ट थोडक्यात, फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात), आणि झाली की लगेच पातळ नायट्रिक अॅसिड घालून आम्लधर्मी करायची, कारण अमोनियातली चांदी ठेवून दिली की त्यातून स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. ती बाटली बंद करून उद्या बघू म्हणून ठेवायचीच नाही.

क्लोराइडचा एक भाऊबंद आहे, आयोडाइड. सरगॅसमला याचा त्रास कमी, पण उद्या कोणी केल्प म्हणजे लॅमिनारियासारखं शेवाळ घेणार असेल तर सांगून ठेवतो, त्यात आयोडीन भरपूर असतं. सिल्व्हर आयोडाइड हे क्लोराइडपेक्षाही कमी विरघळतं, रंगाने पिवळं असतं, आणि त्याचे बारीक कण ४२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात. म्हणजे रंग पिवळा आणि पीक ४२० ला, दोन्ही खुणा अगदी सिल्व्हर नॅनोपार्टिकलसारख्या, आणि धातू कदाचित नावालाच. नुसत्या यूव्हीच्या पीकवर विश्वास ठेवू नका असं मी म्हणतो ते यासाठीच. एक्सआरडीला २३.७ अंशांजवळ काही दिसतंय का तेही तपासायचं.

मग धुवायचं कसं. ताजं शेवाळ आणलं की वाळू, शंख, त्यावर वाढलेली दुसरी शेवाळं हाताने काढायची, मग नळाच्या पाण्याने, मग डिस्टिल्ड पाण्याने, आणि शेवटचं धुणं नेहमी डिस्टिल्ड, कारण नळाच्या पाण्यातही क्लोराइड असतं. प्रत्येक धुण्याचं थोडं पाणी टेस्ट ट्यूबमध्ये घ्या, दोन थेंब पातळ नायट्रिक अॅसिड, मग एक-दोन थेंब सिल्व्हर नायट्रेट, आणि ट्यूब काळ्या कागदासमोर धरा. पहिल्या पाण्यात दही फुटल्यासारखा गाळ दिसतो, पुढे नुसतं दुधाळ, मग हलकी धूसर झाक, आणि ती झाक गेली की बाहेरचं मीठ गेलं. आतलं अजून आहे, ते उकळताना बाहेर येतं. हीच थेंबाची टेस्ट अर्कावर मात्र करू नका, अॅसिड पडलं की अर्कातलं अल्जिनेट स्वतःच अल्जिनिक अॅसिड होऊन गोळा होतं आणि फसगत होते. अर्कासाठी क्लोराइडचा आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड वापरा किंवा आयन क्रोमॅटोग्राफी करून घ्या, आणि आकडा वहीत लिहा, प्रत्येक बॅचचा.

आतलं मीठ घालवायला डायलिसिस हा सगळ्यात सरळ मार्ग. अर्क ३.५ किलोडाल्टनच्या ट्यूबिंगमध्ये (त्याहून लहान रेणूच बाहेर सोडणाऱ्या नळीत) भरून डिस्टिल्ड पाण्यात, पाणी बदलत बदलत एक-दोन दिवस थंडीत ठेवायचा. क्लोराइड जातं, पण लहान पॉलिफेनॉल, मॅनिटॉल हेही जातं, त्यामुळे नंतर रिअॅक्शन मंदावते आणि लोकांना वाटतं अर्क बिघडला. बिघडलेला नसतो, आता फक्त मोठी पॉलिसॅकराइड्स आणि मोठी फ्लोरोटॅनिन काम करतायत, त्यांना जरा वेळ आणि जरा अल्कली लागते. मला स्वतःला हाच अर्क जास्त आवडतो, कारण यात काय आहे ते निदान सांगता येतं. ज्यांना शक्य आहे त्यांनी एक पाऊल पुढे जाऊन शुद्ध केलेलं फ्यूकॉयडन घेऊन समांतर रिअॅक्शन लावावी, म्हणजे अर्कातलं कोण काय करतंय यावर काहीतरी ठोस बोलता येतं.

रिअॅक्शनबद्दल. १ मिलिमोलर म्हणजे लिटरमागे ०.१७ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, ताजं करायचं, अंबर बाटलीत ठेवायचं, ग्लोव्हज घालायचे कारण हाताला काळे डाग पडतात आणि ते दिवसेंदिवस जात नाहीत. अर्क उकळून फडक्यातून, मग फिल्टर पेपरमधून गाळतात, पण तपकिरी शेवाळाचा अर्क बुळबुळीत असतो, पेपर लगेच तुंबतो, म्हणून मध्ये एकदा सेंट्रीफ्यूज केलेलं बरं. तापमान ६० ते ८० अंश ठेवलं की रिअॅक्शन लवकर होते. पीएच हा खरा लगाम आहे. ८ ते १० दरम्यान फिनॉलचे हायड्रोजन सुटतात आणि इलेक्ट्रॉन सहज दिले जातात, कण साधारणपणे बारीक आणि एकसारखे येतात. पण कॉस्टिक एकदम ओतलं तर सिल्व्हर ऑक्साइडचा तपकिरी गाळ होतो आणि तोही रंगाने फसवतो, म्हणून अर्काचा पीएच आधी लावायचा आणि चांदी नंतर थेंब थेंब सोडायची.

आणि कंट्रोल. कमीत कमी चार फ्लास्क हवेत: अर्क आणि पाणी, सिल्व्हर नायट्रेट आणि पाणी त्याच पीएचला, दोन्हीचं मिश्रण उजेडात, तेच मिश्रण फॉइल गुंडाळून अंधारात. अंधारातल्या फ्लास्कमध्ये रंग आलाच नाही तर तुमचं रिडक्शन मुख्यतः प्रकाशाने होतंय. त्यात गैर काही नाही, फोटोरिडक्शन ही मान्य पद्धत आहे, पण मग दिवा कुठला, किती वेळ, किती अंतरावर हे लिहावं लागेल. खिडकीतल्या उन्हावर केलेली बॅच पुढच्या महिन्यात तुम्हालाच परत करता येणार नाही. यूव्हीचा ब्लँक (तुलनेचा कोरा नमुना) पाण्याचा न घेता त्याच प्रमाणात पातळ केलेल्या अर्काचा घ्या, कारण अर्क स्वतः तपकिरी असतो आणि त्याचं शोषण ३०० ते ४५० मध्ये उतरत उतरत येतं.

बॅच न जुळण्यात शेवाळाचाही वाटा आहे. एकाच जातीत ऋतूप्रमाणे, वयाप्रमाणे, किनाऱ्यावर किती ऊन आणि लाटा लागतात त्याप्रमाणे पॉलिफेनॉल आणि पॉलिसॅकराइडचं प्रमाण बदलतं. किनाऱ्याला वाहून आलेलं कुजकं शेवाळ घेऊ नका, खडकावरचं जिवंत घ्या, जात तज्ज्ञाकडून ओळखून घ्या आणि नमुना हर्बेरियममध्ये ठेवा, सरगॅसमच्या जाती एकमेकींसारख्या दिसतात. शक्य असेल तर एका वेळी भरपूर गोळा करून, एकत्र पावडर करून, डबाबंद ठेवून सगळं काम त्याच साठ्यावर करा, आणि दर बॅचला एकूण फिनॉल, एकूण साखर आणि क्लोराइड हे तीन आकडे मोजा. एवढं केलं तरी गाडी बरीच रुळावर येते.

टीईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने फोटो), डीएलएस (द्रवातल्या कणांचा आकार), एफटीआयआर (इन्फ्रारेडने रासायनिक गट ओळखणं) या गोष्टी सगळे करतात म्हणून थोडक्यात. डीएलएसचा आकार टीईएमपेक्षा मोठा येणारच, तो आवरण आणि भोवतालचं पाणी धरून मोजतो, त्यात विसंगती शोधू नका. टीईएमच्या ग्रिडवर थेंब वाळताना मिठाचे स्फटिकही दिसतात आणि इलेक्ट्रॉन बीममध्ये सिल्व्हर क्लोराइडची धातूरूप चांदीसुद्धा होते, त्यामुळे फोटोत गोल गोल काळं दिसलं म्हणजे फ्लास्कमध्ये तेच होतं असं नाही. एफटीआयआरमध्ये १६३६ च्या आसपासचा पीक दिसला की लोक अमाइड, म्हणजे प्रोटीनचं आवरण असं लिहून मोकळे होतात, पण ओलसर नमुन्यातलं पाणीही तिथेच दिसतं. सल्फेटवाल्या पॉलिसॅकराइडचं आवरण दाखवायचं असेल तर १२२० ते १२६० चा सल्फेटचा पट्टा बघा, आणि तोही कण नीट धुतल्यावर, कारण न धुतलेल्या नमुन्यात सुटा अर्कच दिसत असतो.

आता हिशोबाचा मुख्य भाग. ९० मिली १ मिलिमोलर द्रावण आणि १० मिली अर्क, यात चांदी लिटरमागे ९७ मिलिग्रॅम, म्हणजे मिलीमागे ९७ मायक्रोग्रॅम. यापेक्षा एक कणही जास्त असू शकत नाही. ही चांदी चार ठिकाणी वाटली जाते: धातूचे कण, क्लोराइड, सुटे आयन, आणि काचेला किंवा गाळाला चिकटलेली. एकूण चांदी आयसीपीने नाहीतर अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शनने (धातू मोजायच्या यंत्रांनी) मोजा, मग ३ किलोडाल्टनच्या फिल्टर ट्यूबमधून सेंट्रीफ्यूज करून खाली आलेल्या पाण्यातली चांदी मोजा, ती सुटी. त्या मेंब्रेनला थोडी चांदी चिकटते म्हणून माहीत असलेल्या सिल्व्हर नायट्रेटवर तोच फिल्टर आधी तपासून घ्या. हे का करायचं? कारण बहुतेक जण कण वाळवून पावडर करतात, तराजूवर तोलतात आणि १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली नॅनोपार्टिकल असा डोस लिहितात. त्या पावडरीत पॉलिसॅकराइड किती, मीठ किती, चांदी किती, काहीच माहीत नसतं. डोस नेहमी चांदीच्या वजनात लिहायचा. हे एक केलं तरी तुमचं काम दुसऱ्या कोणाच्या कामाशी ताडून बघता येतं.

झोनकडे येतो. वेल डिफ्यूजन म्हणजे अगारमध्ये खड्डा करून द्रव घालायचा आणि कडेला वाढ थांबलेली मोजायची. पण कण अगारमधून फारसे सरकत नाहीत, सरकतात ते आयन. म्हणजे तुमचा झोन बहुधा उरलेल्या सिल्व्हर नायट्रेटचा आहे. म्हणून कण सेंट्रीफ्यूज करून, धुऊन, परत पाण्यात नीट पसरवून वापरा, आणि प्लेटऐवजी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने (द्रव माध्यमात डोस कमी कमी करत) एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारा कमीत कमी डोस, काढा, ई. कोलाय एटीसीसी २५९२२, स्टॅफ ऑरियस एटीसीसी २९२१३ अशा ठरलेल्या स्ट्रेनवर. शेजारी कंट्रोल हवेत: तेवढ्याच चांदीचं सिल्व्हर नायट्रेट, नुसता अर्क, आणि कण काढून टाकल्यावर उरलेलं वरचं पाणी. त्या वरच्या पाण्यानेच सगळे जिवाणू मेले तर कणांबद्दल तुम्हाला अजून काहीही कळलेलं नाही. कणांचा रंग गढूळ असल्यामुळे डोळ्याने टर्बिडिटी ठरवता येत नाही, वेलमधून थोडं घेऊन प्लेटवर कॉलनी मोजा, आणि पसरायच्या आधी सोडियम थायोग्लायकोलेटसारखं न्यूट्रलायझर (चांदी निष्प्रभ करणारं रसायन) वापरा, नाहीतर सोबत आलेली चांदी प्लेटवरही मारत राहते आणि आकडा उगाच चांगला दिसतो.

सिल्व्हर नॅनोपार्टिकल मारतात कसे यावर बरीच चर्चा झालीये. २०१२ साली राइस विद्यापीठातल्या गटाने ऑक्सिजन नसलेल्या वातावरणात, म्हणजे जिथे कणांतून आयन सुटूच शकत नाहीत तिथे, ई. कोलायवर प्रयोग केले आणि कणांचा स्वतःचा म्हणून काही मारक परिणाम जवळजवळ दिसला नाही. आयन सुटतात, ते जिवाणूंच्या प्रोटीनमधल्या थायॉल गटांना धरतात, श्वसनाची एन्झाइम्स बंद पडतात. मला ही गोष्ट निराशाजनक अजिबात वाटत नाही. कणाकडे आयनचा साठा म्हणून बघा, आणि शेवाळाचं आवरण हा साठा किती वेगाने रिकामा होतो ते ठरवणारा दरवाजा. मग तुमचा प्रश्न बदलतो: फ्यूकॉयडनवाले कण तेवढ्याच, पण सिट्रेटचं आवरण असलेल्या कणांपेक्षा आयन हळू सोडतात का, जास्त दिवस सोडतात का? हा प्रश्न मोजता येतो आणि याचं उत्तर जखमेवर वापरायच्या दृष्टीने कामाचं आहे. सोपा कंट्रोल हवा असेल तर एका सेटमध्ये सिस्टीन घाला, ते आयन बांधून टाकतं, आणि मारक परिणाम गेला तर आयनचंच काम होतं असं म्हणायला आधार मिळतो.

पेशींवरच्या टेस्टमध्ये तपकिरी शेवाळ एक वेगळीच अडचण आणतं. एमटीटी टेस्टमध्ये जिवंत पेशी पिवळ्या रंगाचं रिडक्शन करून जांभळा रंग देतात, पण फ्लोरोटॅनिन स्वतःच रिड्यूसिंग आहेत, पेशी नसताना सुद्धा ते एमटीटी जांभळं करू शकतात. मग मेलेल्या पेशी जिवंत दिसतात आणि कण फारच सुरक्षित वाटतात. पेशी न टाकलेल्या वेलमध्ये कण आणि एमटीटी असा कंट्रोल लावाच, आणि एमटीटी घालायच्या आधी पेशी धुवा. दुसऱ्या तत्त्वावरची एखादी टेस्ट जोडीला घ्या. फायब्रोब्लास्टवर, म्हणजे जखम भरून आणणाऱ्या पेशींवर करा, एल-९२९ ही सेल लाइन चालेल, आयएसओ १०९९३-५ मध्ये पेशींची जिवंत राहण्याची टक्केवारी ७० च्या खाली गेली तर तो पदार्थ सायटोटॉक्सिक ठरण्याची शक्यता धरतात. मग एमआयसी आणि फायब्रोब्लास्टला इजा होणारा डोस शेजारी शेजारी ठेवा. या दोघांमध्ये अंतर असेल तर बोलायला जागा आहे. जिवाणू जिथे मरतात तिथेच फायब्रोब्लास्टही मरत असतील तर जखम भरणार कशी? आणि कॅन्सरच्या सेल लाइनवर आयसी-५० (निम्मा परिणाम करणारा डोस) काढून अँटिकॅन्सर लिहायचा मोह टाळा, चांदीचे आयन प्लेटमधल्या कुठल्याही पेशीला मारतात, सोबत नॉर्मल पेशींचा आकडा नसेल तर त्या निकालाला अर्थ नाही. एखादा पेशंट ते वाचून आशा धरतो, ही जबाबदारी आपली आहे.

अजून दोन गोष्टी ज्या शेवाळवाल्यांनी तरी विसरू नयेत. शेवाळाच्या अंगावर जिवाणू असतात, त्यामुळे अर्कात एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) असू शकतं आणि ते तपासावं लागतं. पण नेहमीची एलएएल टेस्ट बीटा-ग्लुकॅनलाही प्रतिसाद देते, आणि तपकिरी शेवाळातलं लॅमिनॅरिन हे बीटा-ग्लुकॅनच आहे. म्हणून बीटा-ग्लुकॅन ब्लॉक करणारं बफर किंवा रीकॉम्बिनंट फॅक्टर सी वाली टेस्ट वापरा, नाहीतर एंडोटॉक्सिन नसताना आहे असं दिसेल. दुसरं, आर्सेनिक. तपकिरी शेवाळ आर्सेनिक साठवतं, हिजिकी म्हणजे सरगॅसम फ्युसिफॉर्मे तर इनऑरगॅनिक आर्सेनिकसाठीच कुप्रसिद्ध आहे. उकळत्या पाण्यात ते उतरतं. तुमची जात वेगळी असेल, तरी आयसीपीला नमुना देताय तेव्हा आर्सेनिकही मागा.

आता पोटेन्शियल कुठे आहे. माझं मत स्पष्ट आहे, जखमेवर आणि कॅथेटरसारख्या वस्तूंच्या पृष्ठभागावर. चांदीचा तिथला इतिहास पक्का आहे, भाजलेल्या जखमांसाठी सिल्व्हर सल्फाडायझिन १९६८ पासून आलं, नॅनोक्रिस्टलाइन सिल्व्हरची ड्रेसिंग्ज १९९० च्या दशकात आली. आणि शेवाळ तर तिथे आधीपासूनच आहे, कॅल्शियम अल्जिनेटची ड्रेसिंग्ज जखमेतल्या स्रावातलं सोडियम घेऊन कॅल्शियम सोडतात आणि त्यांची जेल होते. म्हणजे जे पॉलिसॅकराइड तुमच्या कणाभोवती आहे त्याच कुळातलं पॉलिसॅकराइड जखमेवरचा ओलावा सांभाळतं. हे दोन धागे एकत्र विणायचं काम खरोखर करण्यासारखं आहे, आणि मला या विषयात एवढी वर्षं धरून ठेवलंय ते यानेच. पोटात घ्यायचं औषध म्हणून मात्र विचार करू नका, चांदी शरीरात साठते, त्वचा कायमची निळसर-राखाडी होते, त्याला आर्जिरिया म्हणतात. आणि जिवाणू चांदीला कधी सरावत नाहीत असं लिहू नका. १९७५ मध्ये एका बर्न युनिटमधून सिल्व्हर-रेझिस्टंट साल्मोनेला सापडल्याची नोंद आहे, आणि २०१८ मध्ये असंही दाखवलं गेलंय की कमी डोसला पुन्हा पुन्हा सामोरं गेलेलं ई. कोलाय फ्लॅजेलिन नावाचं प्रोटीन सोडून कण गोळा करून टाकतं. आवरण जितकं घट्ट, तितकं हे गोळा होणं टाळता येतं का, हा सल्फेटवाल्या शेवाळासाठी चांगला प्रश्न आहे.

तर पेपरमध्ये आत्ता काय लिहायचं: एक्सआरडीत क्लोराइड निघालं तर ते लपवू नका, सिल्व्हर आणि सिल्व्हर क्लोराइडचे मिश्र कण असं शीर्षकातच लिहा, त्यांनाही अँटिबॅक्टेरियल गुण आहेत आणि तसं लिहिलेलं काम प्रामाणिक ठरतं. डायलिसिस केलेला आणि न केलेला अर्क शेजारी ठेवून तुलना दिली तर तोच एक नीट पेपर होतो. गाइडना एक्सआरडी समोर ठेवून सांगा, आकडे बघितल्यावर वाद सहसा राहत नाही.

जाता जाता, टाकाऊ द्रव बेसिनमध्ये ओतू नका. चांदी पाण्यातल्या शेवाळाला आणि लहान जिवांना फार कमी प्रमाणातही घातक आहे. सगळं एका लेबल लावलेल्या बाटलीत गोळा करा, उरलेल्या आयनसाठी साधं मीठ घाला, सिल्व्हर क्लोराइड खाली बसलं की वरचं पाणी काढून गाळ धातूंच्या कचऱ्यात द्या. त्या बाटलीत अमोनिया कधीच जाऊ देऊ नका, आणि बाटलीवर तसं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण लॅबमध्ये ती तुमच्यानंतर दुसरंच कोणीतरी उघडणार असतं.